वळणावरचं तेल

कुठल्याही मोटारीच्या इंजिनाखाली धातूचं एक भांडं बोल्टांनी आवळलेलं असतं. कंपनीच्या पुस्तकात ते ऑइल सम्प असतं, आपल्याकडच्या गॅरेजात चेंबर. खड्ड्यातला दगड लागून चेंबर फुटल्याची हकिगत कोकणात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे असते; त्यापलीकडे या भांड्याचा विचार सहसा कुणी करत नाही. चार-पाच लिटर तेल तिथं साठतं, पंप ते तळातून ओढतो, फिल्टरमधून गाळून वर पाठवतो, आणि सगळे सांधे भिजवून ते पुन्हा खाली गळतं. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन येणाऱ्या गाडीत ही व्यवस्था लाखभर किलोमीटर बिनतक्रार चालते.

तीच गाडी चांगले टायर चढवून रेसट्रॅकवर नेली, की पाच-सहा फेऱ्यांत याच भांड्यापाशी इंजिनाचं आयुष्य संपू शकतं. पॉवर वाढवायला लाखो रुपये घालणारी, सस्पेन्शन, ब्रेक आणि एक्झॉस्ट बदलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. चेंबर उघडून आत काय आहे ते पाहणारी फार थोडी. हा क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा लेख चेंबरवर आणि त्याच्या आतल्या पत्र्याच्या भिंतींवर, म्हणजे बॅफलवर.

मुळातला हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. उभ्या गाडीत तेलाचा पृष्ठभाग सपाट असतो. गाडी वळणात शिरली की तेल बाहेरच्या बाजूला सरकतं आणि पृष्ठभाग तिरका होतो. किती तिरका, हे वळणात जाणवणाऱ्या बाजूच्या जोरावर ठरतं. हा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजतात, आणि रेसिंगमधली माणसं त्या एककाला नुसतं ‘जी’ म्हणतात. रोजच्या रस्त्यावर आपण ०.३-०.४ जीच्या वर क्वचितच जातो. तेवढ्यात तेल २० अंशांच्या आसपास कलतं. उत्तम रोड टायरवरची स्पोर्ट्‌स कार ट्रॅकवर १ जीपर्यंत पोचते, तेव्हा तेल ४५ अंशांत उभं राहतं. सेमी-स्लिक टायर चढवले आणि १.३ जी मिळाला, तर कोन ५२ अंशांवर जातो. म्हणजे चेंबरच्या तळाशी असलेलं बहुतेक सगळं तेल एका बाजूच्या भिंतीवर चढलेलं असतं, आणि पंपाचं तोंड, ज्याला पिकअप म्हणतात, ते मधोमध असेल तर उघडं पडतं. पाण्याची परात मांडीवर घेऊन एसटीनं घाट उतरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पाणी कमी झालेलं नसतं, ते फक्त हवं तिथं नसतं.

आता यात वेळ मिसळा. ८० मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळाकार वळण धरू. १ जीनं ते पार करायचं तर गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास येतो, आणि वळण संपायला ९ सेकंद लागतात. इंजिन ६,००० आरपीएमवर फिरत असेल तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्टचे ९०० फेरे होतात. पंप मिनिटाला ४० लिटर तेल ढकलतो असं मानलं, तर ९ सेकंदांत त्याला ६ लिटर तेल हवं. बऱ्याच गाड्यांत एकूण तेलच तेवढं नसतं. वर गेलेलं तेल वेळेत खाली परतलं पाहिजे, आणि परतलेलं तेल पिकअपच्या तोंडाशी आलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी वळण चालू असतानाच अवघड होतात. आखूड, कोपऱ्यासारखी वळणं म्हणूनच त्यामानानं निरुपद्रवी. धोका असतो तो लांबलचक, वळतच राहणाऱ्या वळणांचा. पावसातला ट्रॅक तर इंजिनाला विश्रांतीच असते. ओल्या डांबरावर ०.६ जी मिळाला तरी खूप, आणि त्यात तेल जेमतेम ३१ अंश कलतं.

तेल न मिळाल्यानं नेमकं काय बिघडतं, हे समजायला १८८३ सालात जावं लागतं. बीचम टॉवर नावाचा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर फिरत्या आसावरचं तेल त्या भोकातून उलटं वर यायला लागलं. त्यानं बूच बसवलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी प्रेशर गेज लावला, तेव्हा दिसलं की तेलाच्या त्या पातळ थरातला दाब बेअरिंगवरच्या भाराच्या सरासरी दाबापेक्षाही जास्त आहे. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्‌सनं त्यामागचं गणित मांडलं: फिरणारा आस स्वतःच तेल पाचरीसारखं खाली ओढतो आणि त्या पाचरीवर तरंगतो. आजच्या प्रत्येक मोटारीचा क्रँकशाफ्ट असाच तरंगतो. धातू आणि धातू यांच्यातली जागा साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर, आणि ती तेलानं भरलेली. पंपाचं काम भार उचलण्याचं नाही. ते काम फिरणं करतं. पंपानं फक्त जागा रिकामी होऊ द्यायची नाही.

पिकअप उघडा पडला की पंप हवा ओढतो. काही क्षण थरातलं उरलेलं तेल धकवून नेतं. मग कनेक्टिंग रॉडच्या बिग-एंडला, जिथं भार सर्वात जास्त आणि तेल सर्वात शेवटी पोचतं, तिथं धातू धातूला लागतो. बेअरिंगवरचा मऊ मुलामा पुसला जातो, खालचं तांबं दिसायला लागतं. इंजिन त्या वळणावर बंद पडत नाही. ते पुढची वळणंही काढतं, प्रत्येक वळणावर थोडं थोडं झिजत. एखाद्या दिवशी सरळ रस्त्यावर, कधी घरी परतताना, ठकठक ऐकू येते. तेव्हा ड्रायव्हर त्या दिवसाचं तेल किंवा त्या दिवसाचा मेकॅनिक दोषी धरतो, आणि खरं कारण दोन महिन्यांपूर्वीच्या वळणात राहून जातं. पोर्शे ९४४ ही १९८२ ते १९९१ या काळातली गाडी याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. तिचं अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन ३० अंश कलतं बसवलेलं, आणि ट्रॅकवर तिचं दोन नंबरच्या सिलिंडरचं बिग-एंड बेअरिंग जातं, हे जगभरचे ९४४वाले जाणतात.

पोर्शेचं नाव निघालंच आहे, तर तिथंच थांबू. कारण या एका कंपनीच्या गाड्यांत तेल सांभाळण्याच्या दोन्ही रीती शेजारी शेजारी पाहायला मिळतात. १९६४ पासून बाजारात आलेल्या ९११ ला सुरुवातीपासून ड्राय सम्प होता. म्हणजे इंजिनाखाली तेल साठूच द्यायचं नाही; एका पंपानं ते लगेच ओढून वेगळ्या उंच टाकीत टाकायचं आणि दुसऱ्या पंपानं टाकीच्या तळातून इंजिनाला द्यायचं. टाकी उंच आणि अरुंद असल्यानं तेल कितीही कललं तरी तळाचं तोंड बुडलेलंच राहतं. इंजिन हवेनं थंड होणारं, त्यामुळे तेलावर उष्णता वाहून नेण्याचाही भार होता, आणि टाकीमुळे भरपूर तेल ठेवता येत होतं. जुन्या ९११ चं तेल आजही इंजिन गरम आणि चालू असताना, गाडी सपाट जागी उभी करून मोजतात. १९७२ च्या गाड्यांत ही टाकी मागच्या उजव्या चाकाच्या पुढं आणली आणि तिचं झाकण बाहेरून उघडेल असं ठेवलं. वजनाच्या दृष्टीनं जागा उत्तम होती. पण पेट्रोल पंपांवर त्या झाकणातून तेलाच्या टाकीत पेट्रोल भरलं जाऊ लागलं, आणि पुढच्याच वर्षी टाकी जुन्या जागी गेली.

नव्वदीच्या सुरुवातीला पोर्शे आर्थिक संकटात होती. तिला वाचवलं ते १९९६ मध्ये आलेल्या बॉक्स्टरनं आणि पाठोपाठ आलेल्या पाण्यानं थंड होणाऱ्या नव्या ९११ नं. दोघींचे बरेच भाग सामाईक, इंजिनाचं घराणंही एकच: एम ९६. खर्च आणि गुंतागुंत कमी करताना वेगळी टाकी गेली. तेल आता इंजिनाच्या पोटातच, तळाच्या सपाट ॲल्युमिनियमच्या प्लेटवर राहू लागलं. कंपनीनं या रचनेला ‘इंटिग्रेटेड ड्राय सम्प’ म्हटलं. रस्त्यासाठी ती पूर्णपणे पुरेशी आहे, आणि लाखो किलोमीटर धावलेल्या गाड्या त्याची साक्ष देतात.

पण हे इंजिन बॉक्सर आहे. सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले, आणि हेड अगदी बाहेरच्या टोकांना. डावीकडच्या लांब वळणात तेल उजवीकडे फेकलं जातं आणि उजव्या हेडमध्ये जाऊन बसतं. तिथून मधल्या चेंबरकडे परत यायचं म्हणजे त्याला त्या वेळच्या उतारावरून वर चढावं लागतं. म्हणून प्रत्येक हेडमध्ये कॅमशाफ्टनं चालणारा एक छोटा स्कॅव्हेंज पंप दिला आहे, तो साठलेलं तेल ओढून मध्ये पाठवतो. गंमतीची आणि अडचणीचीही बाब अशी की दोन्ही हेड एकसारखीच, एकमेकांकडे पाठ करून बसवलेली. त्यामुळे एका बाजूचा पंप पुढच्या टोकाला येतो आणि दुसऱ्या बाजूचा मागच्या टोकाला. वळताना ब्रेकही दाबलेला असेल, किंवा वळता वळता ॲक्सिलरेटर दिला असेल, तर तेल हेडच्या ज्या कोपऱ्यात जमतं तिथं एका बाजूला पंप नसतोच. याच इंजिनाच्या जास्त ताकदीच्या, एक्स ५१ नावानं मिळणाऱ्या किटमध्ये पोर्शेनं स्वतःच एका हेडला जादा स्कॅव्हेंज पंप आणि चेंबरला सुधारलेला बॅफल दिला. जुन्या बॉक्स्टरवाल्यांनी पुढं तोच बॅफल सुटा विकत घेऊन आपल्या गाड्यांत बसवायला सुरुवात केली. आणि खास ट्रॅकसाठी १९९९ मध्ये काढलेल्या ९११ जीटी ३ मध्ये तर कंपनीनं एम ९६ घेतलंच नाही. तिच्यात पोर्शेचे इंजिन अभियंते हान्स मेत्सगर यांच्या परंपरेतलं, १९९८ ची ल मांची शर्यत जिंकणाऱ्या जीटी १ शी नातं सांगणारं, वेगळ्या तेलटाकीचं इंजिन बसवलं. तेलाचं महत्त्व कंपनीला पुरतं ठाऊक होतं, याचा याहून स्पष्ट पुरावा लागत नाही.

बीएमडब्ल्यूनं १९९८ च्या एम ५ मध्ये आणखी एक वाट काढली. त्या व्ही-८ मध्ये बाजूचा जोर साधारण ०.९ जीच्या वर गेला की विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि वळणाच्या बाहेरच्या हेडमध्ये अडकलेलं तेल खास पंपानं ओढून चेंबरमध्ये आणलं जातं. चार दारांची, कुटुंबाला घेऊन जाणारी गाडी, आणि तिच्या तेलाची एवढी काळजी. मला या रचनेचं फार कौतुक आहे. शेव्हर्लेच्या १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये गाडी खुजी ठेवायची म्हणून चेंबर उथळ केला आणि हरवलेली जागा दोन्ही बाजूंना पंख काढून भरून घेतली. कल्पना सुटसुटीत, पण पंखांत गेलेलं तेल वळण संपेपर्यंत पंखातच राहू शकतं. नुसतं आकारमान वाढवून प्रश्न सुटत नाही, ते तेल पिकअपपाशी अडवून धरावं लागतं. २००६ च्या कॉर्व्हेट झी ०६ ला कारखान्यातूनच ड्राय सम्प मिळाला.

आता प्रत्यक्ष कामाकडे. वेट सम्पच्या, म्हणजे तेल चेंबरमध्येच साठवणाऱ्या, गाडीत सुधारणेची पहिली पायरी म्हणजे चेंबरच्या आत पिकअपभोवती पत्र्याची चौकट उभी करणं. तिच्या भिंतींना खालच्या अंगाला छोट्या झडपा असतात, ज्या फक्त आतल्या बाजूला उघडतात. तेल बाहेरून आत येऊ शकतं. गाडी वळली आणि आतलं तेल बाहेर पडू लागलं की त्याच्याच जोरानं झडप मिटते. पिकअपभोवती लिटरभर तेल कोंडून ठेवता आलं तरी वळणाचे ते मधले काही सेकंद निघून जातात. चौकटीच्या वर झाकणाचा पत्रा लागतो, कारण ४५ अंशांत तेल भिंतीवरून उडी मारतं. त्याच्याही वर, क्रँकशाफ्टच्या लगेच खाली, विंडेज ट्रे नावाची जाळीची किंवा कापांची पट्टी असते. क्रँक ७,००० आरपीएमवर फिरताना चेंबरमध्ये वादळ उठवतो. तेल वर आलं तर क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. फेसाळलेलं तेल पंप उचलतो खरा, पण त्यातली हवा दाबली जाते आणि बेअरिंगमधला थर धड टिकत नाही. म्हणून जास्तीचं तेल ओतणं हा उपाय अर्धाच आहे. ट्रॅकवर तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला असावं, इथपर्यंत ठीक. त्याच्यावर भरत गेलं तर बॉक्स्टरसारख्या गाडीत तेल आणि हवा वेगळी करणाऱ्या सेपरेटरमधून तेल सरळ इनटेकमध्ये जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो.

बाजारात तयार बॅफल मिळतात, आणि लोकप्रिय गाडी असेल तर तेच घ्यावेत. पण आपल्याकडे पुष्कळदा जुना चेंबर आणून त्यातच काम करून घ्यावं लागतं. हे काम चांगला फॅब्रिकेटर करू शकतो, मात्र त्यात काही जागा अशा आहेत जिथं घाई चालत नाही. पहिली जागा, वेल्डिंग. पत्र्याच्या चेंबरची कड उष्णतेनं वाकते, आणि वाकलेली कड ब्लॉकला नीट बसत नाही. म्हणून वेल्डिंग करताना चेंबर जाड सपाट प्लेटला किंवा निकामी ब्लॉकला सगळ्या बोल्टांनी आवळून ठेवतात आणि थंड झाल्यावरच सोडतात. ओतीव ॲल्युमिनियमचा चेंबर असेल तर तेलात मुरलेला धातू वेल्डला दाद देत नाही. तिथं बॅफल बोल्टांवर बसवलेला बरा. दुसरी जागा, झडपांच्या बिजागऱ्या. त्यांचा खिळा सैल होऊन निसटला तर तो पिकअपच्या जाळीवर जाईल, म्हणून त्याची टोकं टाचून घ्यावी लागतात, आणि टाचताना झडप अडकली नाही ना हे बोटानं हलवून पाहावं लागतं. तिसरी, निचरा. चौकटीच्या तळाला तेल बदलताना सगळं तेल ड्रेन बोल्टकडे वाहून येईल अशी वाट हवी, नाहीतर जुनं काळं तेल कायम आत राहतं.

सगळ्यांत नाजूक माप पिकअप आणि चेंबरचा तळ यांच्यातल्या फटीचं. ती साधारण ६ ते १० मिलिमीटर ठेवतात. कमी ठेवली तर पंपाचं तोंड तळाला चिकटल्यासारखं होऊन तेल कमी येतं. जास्त ठेवली तर तेल थोडं कललं तरी तोंड उघडं पडतं. मोजायची रीत जुनी आणि भरवशाची आहे: पिकअपच्या तोंडाखाली मुलांची खेळायची माती लावायची, चेंबर गॅस्केटसह बसवून बोल्ट आवळायचे, पुन्हा उतरवायचा आणि दबलेल्या मातीची जाडी व्हर्नियरनं मोजायची. चेंबर खोल केला असेल तर पिकअपची नळीही तेवढीच लांबवावी लागते. हे विसरलं तर जास्तीचं तेल पिकअपच्या खाली पडून राहतं आणि केलेला खर्च वाया जातो.

काम झाल्यावर चेंबरमध्ये रॉकेल भरून रात्रभर ठेवतात आणि वेल्डच्या बाहेरच्या बाजूला खडू घासतात. रॉकेल झिरपलं तर खडूवर ओला डाग उठतो. नंतर धुणं. ग्राइंडरचा कीस, वेल्डचे मणी, वाळूचा कण, यातलं काहीही आत राहिलं तर तेल सांभाळण्यासाठी केलेलं काम बेअरिंग घासायला कारण होईल. सीलंट लावतानाही हात आवरावा. एम ९६ सारख्या इंजिनात प्लेटला गॅस्केट नसतं, फक्त सीलंट असतो, आणि जास्त लावला तर तो आतल्या बाजूला पिळून निघतो, सुकतो, तुटतो आणि पिकअपच्या जाळीत जाऊन बसतो. चेंबरचे छोटे एम ६ बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. खांद्याच्या जोरानं आवळले की ॲल्युमिनियमचे आटे जातात. शेवटी डिपस्टिक. चेंबरचं पोट बदललं की जुन्या खुणा खोट्या ठरतात. मोजून तेल भरून नवी खूण करून घ्यावी, आणि स्टिक बॅफलवर अडत नाही ना तेही पाहावं.

महाराष्ट्रातल्या गाडीवाल्यानं चेंबर खोल करण्याआधी दोनदा विचार करावा, असं मी म्हणेन. युरोपात माणूस जर्मनीच्या न्यूरबुर्गरिंगला स्वतःच्या गाडीनं जातो, पैसे भरून २०.८ किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवर फेरी मारतो आणि त्याच गाडीनं घरी येतो. वाटेतला रस्ता गुळगुळीत असतो. पुण्याहून श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जायचं म्हणजे हजार-अकराशे किलोमीटर, आणि त्यात किती स्पीडब्रेकर लागतील याला गणती नाही. दोन सेंटीमीटर खाली आलेला चेंबर पहिल्या गावातच घासतो. ओतीव ॲल्युमिनियम तडकतं, ते निदान कळतं तरी. पत्र्याचा चेंबर नुसता चेपतो आणि गळत नाही. चेपलेला तळ पिकअपच्या तोंडाजवळ सरकतो, फट दोन-तीन मिलिमीटर उरते, आणि ट्रॅकवर तेलाचा दाब पडतो तेव्हा या कारणाचा संशय कुणालाच येत नाही. आपल्या रस्त्यांवर जाणाऱ्या गाडीला रुंदीत वाढवलेला, आतून नीट कप्पे केलेला चेंबर आणि खाली मजबूत गार्ड हाच मार्ग मला पटतो. गाडी ट्रेलरवरून नेणाऱ्यांची गोष्ट निराळी.

चेंबर कशासाठी बदलतोय हेही ठरवावं लागतं. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेत पळणाऱ्या गाडीला बाजूच्या झडपांचा काही उपयोग नाही. तिथं सुटताना तेल मागे जातं आणि शेवटी ब्रेक मारताना पुढं येतं. भिंती त्या दिशांना हव्यात. कोइमतूरच्या २.१ किलोमीटरच्या करी स्पीडवेवर आणि ग्रेटर नॉयडाच्या ५ किलोमीटरहून लांब बुद्ध सर्किटवर मागण्या वेगवेगळ्या आहेत. बुद्धच्या मधल्या भागातलं ते लांब, चढत्या बाजूचं, वळतच राहणारं वळण अशाच प्रश्नांची परीक्षा घेतं. बाजू चढती असल्याचा एक फायदा असा की जोराचा काही भाग गाडीला खाली दाबतो, त्यामुळे चेंबरच्या हिशेबानं तेल थोडं कमी कलतं.

हा विषय मराठी मुलामुलींनी सर्वाधिक मन लावून अभ्यासला आहे तो श्रीमंतांच्या गॅरेजांत नव्हे, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपमध्ये. फॉर्म्युला स्टुडंट या स्पर्धेसाठी विद्यार्थी स्वतः एका माणसाची रेसकार बांधतात; भारतातली फॉर्म्युला भारत ही स्पर्धा करी स्पीडवेवर भरते. पुण्या-मुंबईच्या संघांसह देशातल्या पुष्कळ संघांनी यासाठी केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन वापरलं, जे चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतं. इंजिन हलकं, जोरकस आणि सहज मिळणारं. पण ते मोटारसायकलचं आहे. मोटारसायकल वळणात स्वतः कलते, त्यामुळे तिच्या इंजिनाच्या दृष्टीनं तेल जवळपास सपाटच राहतं. तेच इंजिन चार चाकांच्या, न कलणाऱ्या गाडीत बसवलं की तेल पहिल्यांदाच बाजूच्या भिंतीवर चढतं. त्यात या स्पर्धेत स्किडपॅड नावाची परीक्षा असते: १५.२५ मीटर व्यासाच्या वर्तुळाभोवती उजवीकडून दोन फेऱ्या आणि लगेच डावीकडून दोन. साडेपाच सेकंदांत फेरी मारली तर गाडीवर १.२ जीच्या आसपास बाजूचा जोर असतो, आणि तो सलग दोन फेऱ्या, म्हणजे ११ सेकंद, सुटत नाही. तेलाच्या दृष्टीनं याहून कठोर चाचणी शोधून सापडणार नाही. विशीतली मुलं संगणकावर तेलाच्या लाटांचं अनुकरण करतात, बॅफलचे तीन-चार आराखडे काढतात, पत्रा कापतात आणि रात्री वर्कशॉपात बसून पिकअपच्या फटीवर वाद घालतात. या मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्यांना पुढं मोटारींचं काम करायचं आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

बॅफल पुरत नसतील तर पुढची पायरी ॲक्युसम्प. हे एक नळकांडं असतं, आत सरकता दट्ट्या. एका बाजूला इंजिनाचं तेल, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. दाब चांगला असताना तेल आत भरतं, आणि दाब पडला की हवा तेच तेल इंजिनाच्या वाहिन्यांत ढकलते. सुरू करण्याआधी बेअरिंगं भिजवायलाही त्याचा उपयोग होतो. मर्यादा एवढीच की दाब परतल्यावर ते चेंबरमधूनच तेल घेऊन पुन्हा भरतं, म्हणून बॅफल आधी आणि ॲक्युसम्प नंतर. त्याहीपुढं पूर्ण ड्राय सम्प: अनेक कप्प्यांचा पट्ट्यावरचा पंप, उंच टाकी, जाड नळ्या. चेंबर इतका उथळ होतो की इंजिन खाली बसवता येतं. खर्च मात्र छोट्या गाडीच्या किमतीपर्यंत जातो, आणि नळ्यांच्या प्रत्येक सांध्यावर नवी गळती शक्य होते. स्लिक टायरवर स्पर्धा करणाऱ्यालाच तो करावासा वाटला पाहिजे.

आणि हे सगळं करण्याआधी मोजमाप. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा अर्ध्या बारच्या आसपास लागतो. ट्रॅकवर तो लागला म्हणजे बेअरिंगचं काम झालेलंच असतं. खरा प्रेशर सेन्सर बसवावा आणि तो बाजूच्या जोराच्या नोंदीबरोबर एकाच आलेखावर पाहावा. जुना रेसिंगचा नियम असा की दर १,००० आरपीएमला ०.७ बार दाब हवा. आलेखात जोर वर जाताना दाबाची रेघ खाली खचते का, ते उजव्या वळणावर होतं की डाव्या, वळणाच्या सुरुवातीला की शेवटाला, हे दिसलं की बॅफल कुठं हवा ते कळतं. तेलाचं तापमानही त्याच पडद्यावर असावं. चेन्नईच्या उन्हात १३० अंश सेल्सियसला पोचलेलं तेल इतकं पातळ होतं की उत्तम चेंबरमध्येही दाब पडतो, आणि तिथं उपाय चेंबरचा नसून ऑइल कूलरचा आहे.

माझा क्रम असा राहील: आधी सेन्सर, मग बॅफल, मग चिकट टायर, आणि पॉवर त्यानंतर. टायर आधी आणि बॅफल नंतर करणारा माणूस स्वतःच्या हातानं तेलाचा कोन सात-आठ अंशांनी वाढवतो आणि ते सांभाळायला काहीच देत नाही.

बदललेल्या चेंबरची पहिली चाचणी सावकाश घ्यावी. गाडी गरम करून दोन-तीन मध्यम फेऱ्या, मग आत येऊन खाली वाकून गळती पाहणं, नोंद उतरवून दाबाची रेघ तपासणं, आणि मगच पूर्ण वेग. दिवस संपल्यावर तेल आणि फिल्टर बदलावा. जुना फिल्टर फेकू नये. कापून आतला कागद पसरावा, पिळून उजेडात धरावा. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, ते थोडे असले तर चालतात. न चिकटणारी चकाकी बेअरिंगची असू शकते. तीत तांब्याचा रंग दिसला, तर पुढच्या ट्रॅक-डेची फी भरण्याआधी चेंबर उतरवून बिग-एंडची बेअरिंगं पाहावीत.